अक्कांचा रिजेक्ट ट्रे

अक्कांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला मी पहिले दोन महिने मंगळसूत्र समजत होते. दोरा पदराआड जायचा, त्यामुळे खाली काय लोंबतंय ते दिसायचं नाही. मग एकदा भाजीवाल्यासमोर त्यांनी तो वर ओढला आणि टोकाला निघालं घड्याळदुरुस्तीचं भिंग, डोळ्याच्या खाचेत बसवायचं असतं ते. ते डाव्या डोळ्यात रुतवून अक्कांनी कोथिंबिरीची जुडी पान न् पान तपासली. भाजीवाला कन्नडमधून काहीतरी पुटपुटला. अक्कांनी त्याला तीन पानांवरची कीड दाखवली, जुडी खाली ठेवली आणि दुसरी मागितली. त्यानंतर अक्का लांबून येताना दिसल्या की तो माणूस खालची ताजी जुडी आपणहून वर काढून ठेवायचा.

भिंगातून सुटलेली वस्तू आमच्या बंगळुरातल्या बेळ्ळंदुरात शोधूनही सापडली नसती. देवळातला प्रसाद, औषधाच्या पट्टीवरची तारीख, रिक्षाचं मीटर, माझ्या मुलीच्या गुडघ्यात गेलेली काच, सगळं त्याच डोळ्याखालून गेलं. एकदा आमच्या घरी मी मोठ्या हौसेनं केलेल्या बेसनाच्या लाडवालाही त्यांनी भिंग लावलं. 'बेसन स्वल्प कच्चं हाय,' म्हणाल्या, आणि मग दोन लाडू खाल्ले. मला राग आला होता. पण बेसन कच्चंच होतं, हेही खरं.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. इथल्या एका घड्याळांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पुढे कारखाना बंद पडला, अक्कांची तपासणी मात्र चालूच राहिली. आमच्या सोसायटीचे मनोरे उभे राहिले त्याच्याही आधीपासूनचं त्यांचं दोन खोल्यांचं घर मनोऱ्यांच्या मागच्या गल्लीत होतं. त्यात त्या एकट्या राहायच्या आणि भिंतीवर सतरा घड्याळं. सतराही एक वेळ दाखवायची, हे मी स्वतः उभी राहून पडताळलंय. फोन होता, पण तो सकाळी अकरा ते सव्वाअकरा एवढाच चालू असायचा. ज्याला खरंच काम असेल तो त्या वेळेत करतो, बाकीच्यांना काम नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी पुण्याची, आयटीतली, दिवसाला तीनशे मेसेज वाचणारी. मला हे ऐकून आधी हसू आलं आणि नंतर हेवा वाटला.

आमची ओळख मुलीमुळे झाली. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही तिला शाळेतून काढलं. शाळा वाईट नव्हती, चांगली चकचकीत होती. पण वहीत लाल रेघ आली की मुलगी ती वही कपाटामागे टाकायची. एका रविवारी कपाट सरकवलं तर मागे अकरा वह्या निघाल्या. तोवर रोज सकाळी पोट दुखायला लागलं होतं आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी नोकरी अर्धवेळ केली आणि तिला घरीच शिकवायला लागले. नवरा नागपूरचा, शांत आणि विचारी माणूस. त्याला हे पटलं नव्हतं, पण त्यानं अडवलं नाही. दोन वर्षं बघू, म्हणाला, मग ठरवू.

तर एकदा ती सकाळी अकरा वाजता गल्लीत हिंडत होती. भर अकराला शाळेच्या वयाची पोर रस्त्यावर दिसली की जो तो विचारतो, शाळा नाही का? अक्कांनीही विचारलं. ही म्हणाली, मी शाळेत जात नाही. यावर लोक साधारणपणे आईबापांचा पत्ता विचारतात. अक्का म्हणाल्या, 'बरं. मग हे धरा,' आणि उघडलेलं भिंतीवरचं घड्याळ तिच्या हातात दिलं. दुपारी दोनला पोरगी घरी आली ती काळ्या बोटांनी, आणि जेवताना घड्याळातल्या चाकांबद्दल सलग बोलत राहिली. मी ताटावरून उठून बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

'धरा' म्हणाल्या, 'धर' नाही, हे लक्षात आलं असेल. ही अक्कांची आणखी एक तऱ्हा. मुलांना त्या अहो-जाहो करायच्या आणि आम्हा मोठ्या माणसांना सरळ अरे-तुरे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला 'काय करतायसा?' आणि मला 'ए पुणेकरीण, सरक तिकडं.' घरी शिकवणाऱ्या आमच्यातल्या एका वडिलांचा, ते कुठल्याशा कंपनीत फार वरच्या हुद्द्यावर होते, यावरून चेहरा पडला. अक्कांनी त्यांना समजावून सांगितलं, की कारखान्यात कामावर बसलेल्याला अहो म्हणायचं असतं, भोवती हिंडणाऱ्याला नाही. आणि आता तू हिंडतोयस. ते गृहस्थ पुढच्या वेळी आले तेव्हा गुपचूप एक मोडकं गजराचं घड्याळ घेऊन बसले होते.

आम्ही घरी शिकवणारी वीसेक कुटुंबं होतो, इंदिरानगरपासून पार देवनहळ्ळीपर्यंत पसरलेली. मुलं काय काय उद्योग करायची. कुणी मुंग्या पाळायचं, कुणी आजीच्या म्हैसुरी पाककृती लिहून काढायचं, कुणी साबण बनवायचं. हे सगळं लोकांनी बघावं, मुलांनी अनोळखी माणसांना तोंडानं सांगावं, म्हणून एक जत्रा भरवायची ठरली. खरं सांगायचं तर मुलांपेक्षा आम्हालाच ती हवी होती. नातेवाइकांना दाखवायला काहीतरी पाहिजे होतं.

पहिली मीटिंग इंदिरानगरात एकांच्या दिवाणखान्यात झाली. त्यात जत्रेच्या टी-शर्टचा रंग या विषयावर दीड तास गेला. कुणीतरी मूल्यमापनाचा तक्ता छापून आणला होता, कल्पकतेला दहा गुण, मांडणीला दहा, आत्मविश्वासाला पाच. माझ्या मुलीनं हट्ट केला म्हणून मी अक्कांना बरोबर नेलं होतं. त्या कोपऱ्यात घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. तक्ता त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी तो वाचला, उलटा केला, आणि त्यावर घरच्या यजमानीणबाईंच्या घड्याळाचे तीन स्क्रू काढून ओळीनं मांडले. कागद चांगला जाड आहे, म्हणाल्या. मग विचारलं, की जत्रा कुठे आहे, कधी आहे आणि जेवायला काय आहे, हे कुणी ठरवलंय का? ते कुणीच ठरवलं नव्हतं. आमच्या अक्का त्या दिवसापासून जत्रेच्या मुख्य झाल्या. कुणी निवडलं नाही, पण कुणी आडवंही आलं नाही.

जागा आणि तारीख त्यांनी अशी मिळवली, की निम्म्या पुणे-मुंबईकरांनी कॅलेंडर पुन्हा उघडून बघितलं. गल्लीच्या टोकाला लग्नाचं मंगल कार्यालय होतं, इथे कल्याणमंटप म्हणतात. एरवी तिथे तारीख मिळणं अशक्य. पण पितृपक्षात लग्नं नसतात, आणि सर्वपित्री अमावास्येला तर मालक स्वतःच कंटाळून बसलेला असतो. त्या दिवशी इथे सुट्टीही असते. अक्कांनी जत्रा अमावास्येला ठेवली. एका आईनं चाचरत विचारलं, की अक्का, मुलांचं चांगलं काम, आणि सर्वपित्रीला? त्यावर त्या म्हणाल्या, की आमचे वाडवडील वर्षातून एकदा जेवायला येतात, तर नातवंडं काय करतायत ते बघून जातील. माझ्या सासूबाईंना हे नागपुरात फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, बाई शहाणी दिसते.

पालकांचं काय करायचं हा प्रश्न अक्कांनी त्याहून सोपा सोडवला. स्टॉलजवळ आईबाप उभे राहिले की मूल त्यांच्या तोंडाकडे बघतं, तेव्हा आईबापांना तिथे थांबायचीच परवानगी नाही. मंटपाच्या जेवणघराच्या दारात त्यांनी खडूची रेघ ओढली आणि सगळ्या पालकांना रेघेच्या आत बसवून भाजी चिरायला लावली. पाहुण्यांसह सगळ्यांचं जेवण आम्हीच करायचं. ज्यांच्या हाताखाली पन्नास पन्नास माणसं, ते खाली सतरंजीवर मांडी घालून बीन्स चिरत होते, आणि अक्का मधूनच येऊन भिंगातून तुकडे बघून सांगायच्या, 'लांबी सारखी न्हाई.'

पण अक्कांची खरी करामत म्हणजे रिजेक्टचा ट्रे. ती समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कारखान्यात बिघडलेला नग कधी फेकत नसत. तो एका ट्रेमध्ये जायचा आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जायची. चिठ्ठीवर पाच ओळी. काय बिघडलं, कुठल्या पायरीला, कुणाच्या हातून, का, आणि आता पुढं काय. खाली दोन सह्या, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. अक्कांनी हा नियम जसाच्या तसा जत्रेला लावला. प्रत्येक मुलानं टेबलावर पुढे आपली वस्तू ठेवायची आणि शेजारी ट्रेमध्ये ती करताना बिघडलेलं सगळं, चिठ्ठ्यांसकट. ट्रे नसेल तर टेबल नाही. मग अक्का फेरीला निघणार आणि वस्तू व ट्रे दोन्ही पटले तर टेबलाला हिरवी पट्टी बांधणार. नाही पटले तर लाल. बक्षीस नाही, नंबर नाही, प्रमाणपत्र नाही. 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. फार खूष झाल्या तर म्हणायच्या, 'सरी, चालतंय.' सरी म्हणजे कन्नडमध्ये बरोबर. त्या एका वाक्यासाठी मुलं महिनाभर राबायची.

पहिल्या वर्षी लोकांनी वस्तू बघितल्या आणि ट्रेपाशी रेंगाळले. साबणवाल्या मुलाच्या ट्रेमध्ये सात बिघडलेले साबण होते. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती, 'बाबांनी घाई केली. पुढे: बाबांना बाहेर पाठवणे.' लोक वाचून हसत होते आणि तो पोरगा प्रत्येकाला घाईनं साबण का बिघडतो ते नीट समजावत होता. माझ्या मुलीनं त्या वर्षी काही मांडलं नव्हतं, ती नुसती अक्कांच्या मागे पट्ट्यांचा डबा धरून फिरली. घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी मी मांडणार.

तिनं विषय घेतला कबुतरांचा. नवव्या मजल्यावर आमची बाल्कनी म्हणजे कबुतरांचं बाळंतघर झालं होतं. तिनं आधी जुन्या सीडी टांगल्या. कबुतरं त्यात स्वतःला बघत बसली. मग रबरी साप ठेवला, त्यावर एक कबुतर रोज दुपारी डुलकी काढायला लागलं. मग घुंगरं लावली, त्याची तक्रार आठव्या मजल्यावरून आली. मग पुठ्ठ्याचे हात असलेलं भिरभिरं, ते पावसात लिबलिबीत झालं. मग बांबूचं, ते आसापाशी मोडलं. शेवटी दह्याचे रिकामे डबे, सायकलच्या दुकानातलं एक बेअरिंग आणि केरसुणीच्या काड्या यांचं एक यंत्र झालं. वाऱ्यावर ते फिरायचं आणि काड्या कठड्यावरून झाडत जायच्या. कबुतराला टेकायला जागाच मिळेना. सहा महिने लागले, आणि यातला एक स्क्रूसुद्धा मी फिरवलेला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटत होता, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बाल्कनीकडे वळवून दाखवायचे.

बिघडलेलं सगळं तिनं चिठ्ठ्यांसकट एका खोक्यात घालून पलंगाखाली ठेवलं होतं. आणि गणपतीच्या आधीच्या साफसफाईत, देवा रे, ते खोकं मी कोरड्या कचऱ्यात देऊन टाकलं. घाण वास येत होता म्हणून आत बघितलंसुद्धा नाही.

ते कळलं जत्रेच्या आठवडाभर आधी. मुलगी दोन तास माझ्याशी बोलली नाही. मग येऊन म्हणाली, ठीक आहे, मी रिकामा ट्रे नेते आणि चिठ्ठीवर लिहिते, की आईनं कचऱ्यात दिलं. मी म्हटलं, अजिबात नाही.

आता मी अशी का वागले ते सांगते. दोन वर्षांची मुदत संपत आली होती. नवऱ्यानं एका शाळेत बोलून ठेवलं होतं, दसऱ्याच्या सुट्टीनंतर जागा होती, आणि सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. जत्रा शनिवारी. त्यानं साधं एवढंच म्हटलं होतं, की मला एकदा जत्रेत तिला बघू दे, मग सोमवारी आपण ठरवू. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. आपण दोघं कायम पुरणार नाही, तिला लोकांत उभं राहता येतंय का हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, असं तो म्हणायचा. आणि मला त्या टेबलावर एकही उणी गोष्ट नको होती. रिकामा ट्रे बघून तो काय म्हणेल, या विचारानं मला झोप लागेना.

मग बुधवारी मुलगी पोहायला गेली असताना मी पाचही रिजेक्ट नव्यानं बनवले. सीडी आणल्या, रबरी साप आणला, घुंगरं ओवली, बांबू आसापाशी मोडला, पुठ्ठा नळाखाली भिजवून वाळवला. चिठ्ठ्या मला आठवत होत्या. त्या लॅपटॉपवर टाइप केल्या आणि, हे सांगताना आजही कान गरम होतात, त्या लॅमिनेट करून आणल्या.

मुलगी घरी आली, ट्रे बघितला आणि म्हणाली, ही माझी नाहीत. मी म्हटलं, तशीच तर आहेत. ती म्हणाली, मग वर लिही, की पुन्हा बनवलेली. मी म्हटलं, त्याची काही गरज नाही, कोण एवढं बघतंय. ती गप्प झाली. तिची ती गप्प बसण्याची तऱ्हा मी ओळखत होते. कपाटामागे वह्या टाकायची तेव्हा ती अशीच गप्प असायची. ओळखूनही मी ट्रे बांधून ठेवला, इतकी मी घाबरलेली होते.

शनिवारी मंटपात दहा वाजता मुलं उभी राहिली आणि आम्ही रेघेच्या आत. नवरा माझ्या शेजारीच बसून बीन्स चिरत होता. साडेदहाला अक्का फेरीला निघाल्या. मी हात पुसायच्या निमित्तानं दारात येऊन उभी राहिले.

यंत्रापाशी त्या बराच वेळ थांबल्या. हातानं फिरवलं, बेअरिंगला कान लावला, काड्यांच्या गाठी तपासल्या. मग ट्रेकडे वळल्या. सीडी उचलली, साप उचलला, बांबूचं मोडलेलं टोक भिंगाखाली धरलं. लॅमिनेट केलेली चिठ्ठी दोन बोटांत वाकवून बघितली. नंतर त्यांनी मुलीला विचारलं ते मला दारातून स्पष्ट ऐकू आलं.

"सहा महिने कबुतरांच्यात होती न्हवं ही? मग घाण कुठं हाय?"

खरंच की. पाच वस्तू, सहा महिने, आणि एकीवरही कबुतराचा एक ठिपका नाही. सगळ्या कशा धुतल्यासारख्या स्वच्छ.

मुलगी काही बोलली नाही. खोटं तिला बोलायचं नव्हतं आणि माझं नाव तिला घ्यायचं नव्हतं. अक्कांनी डब्यातून लाल पट्टी काढून टेबलाच्या पायाला बांधली. पहिल्या वर्षी त्याच पट्ट्यांचा डबा या मुलीनं धरला होता. आता मला राहवलं नाही. मी रेघ ओलांडून धावत गेले आणि सुरू झाले, की अक्का, सॉरी, माझी चूक आहे, खोकं मी टाकलं, हे मी केलं, तिचं काहीही नाही यात, प्लीज पट्टी काढा, आज तिचे बाबा आलेत. आजूबाजूची मुलं बघायला लागली.

"तुला इचारलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "त्यांना इचारलंय."

त्यांना म्हणजे माझ्या मुलीला. आणि मग माझ्या मुलीनं अक्कांकडे हात पुढे करून एक कोरी चिठ्ठी मागितली.

अक्कांनी पदराआडच्या पिशवीतून काढून दिली. मुलीनं पेन घेतलं आणि टेबलावर वाकून, जीभ दातात धरून लिहायला लागली. इंग्रजी तिचं मराठीपेक्षा बरं आहे, पण त्या दिवशी तिनं मराठीत लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

'काय बिघडलं: पाच खोटे रिजेक्ट. कुठल्या पायरीला: खरे कचऱ्यात गेले त्यानंतर. कुणाच्या हातून: आई. का: बाबा बघायला येणार म्हणून आईला भीती वाटली.' पाचवी ओळ, पुढं काय, तिनं रिकामी सोडली.

लिहून झाल्यावर तिनं चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं. करणाऱ्याची सही लागते, म्हणाली. माझ्याच पोटची पोर. मी सही केली. इतकी नीट सही मी घराच्या कागदांवरही केली नव्हती.

अक्कांनी भिंग लावून चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. हे असं चालत नाही, ओळ रिकामी राहिली तर चिठ्ठी अपुरी. मुलगी म्हणाली, की ते मला ठरवता येत नाही, ते घरात ठरायचंय. यावर अक्का वळल्या, जेवणघरात गेल्या आणि माझ्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. त्याच्या दुसऱ्या हातात सुरी तशीच होती.

त्यानं चिठ्ठी वाचली. मग लाल पट्टी बघितली, ट्रे बघितला, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली नाही, पण वळवावीशी फार वाटली. त्यानं मला काही विचारलं नाही. त्यानं मुलीला विचारलं.

"एवढ्या लोकांसमोर हे लिहायची तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण चिठ्ठी तर भरावी लागते."

हा माणूस सहसा हलत नाही, लग्नातसुद्धा त्याचा चेहरा बदलला नव्हता. त्यानं सुरी माझ्याकडे दिली, शर्टला हात पुसले, पेन घेतलं आणि रिकाम्या ओळीवर लिहिलं, 'सोमवारी शाळेला नकार कळवणे. कळवणार: बाबा.' खाली सही केली. सही चुकून तपासणाऱ्याच्या जागेवर झाली. अक्कांनी ती खोडली नाही, शेजारी जागा करून आपली सही केली आणि चिठ्ठी साप आणि सीडीच्या वर ट्रेमध्ये ठेवली.

"सरी," म्हणाल्या. "चालतंय."

मला वाटलं आता त्या पट्टी बदलतील. त्यांनी बदलली नाही. रिजेक्ट खोटे होते, टेबल लालच राहणार. मुलीनंही मागितली नाही. अक्का पुढच्या टेबलाकडे गेल्या, नवरा बीन्सकडे परत गेला, आणि मलाही रेघेच्या आत जा म्हणून हुकूम झाला. पण मुलगी म्हणाली, अक्का, आईला इथे राहू द्या, हा नग तिचा आहे. अक्कांनी मला थांबायची परवानगी दिली. त्या जत्रेत स्टॉलजवळ उभी राहिलेली मी एकटी पालक.

अक्का पुढे दोन जत्रा भरवून निपाणीला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना सतराही घड्याळं मुलांमध्ये वाटली आणि प्रत्येकाकडून सही घेतली. त्या आजही सकाळी अकरा ते सव्वाअकरा फोनवर असतात. जत्रा आता मुलंच भरवतात, आम्ही बीन्स चिरतो. अक्कांसारखी माणसं आमच्या वाट्याला आली, याचा मला माज आहे म्हटलं तरी चालेल. पण त्या दिवसाची दुपार मला विसरता येत नाही.

लाल पट्टी बघून त्या दुपारी सगळ्यांत जास्त लोक आमच्याच टेबलापाशी आले. दोन वर्षांपूर्वी जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती माझी मुलगी एकेका अनोळखी माणसाला मराठीत, इंग्रजीत, मोडक्या कन्नडमध्ये, यंत्र फिरवून दाखवत होती. मग ट्रेकडे यायची. इतर आया आपल्या मुलांच्या वस्तूंबद्दल ज्या सुरात सांगतात, अगदी त्याच सुरात, माझा हात धरून ती प्रत्येकाला सांगत होती, "आणि हे सगळं माझ्या आईनं केलंय. ही बघा तिची सही."

मी तिथून संध्याकाळपर्यंत हलले नाही.